संमतीपत्राचे शुल्क आणि त्याच्या बदल्यात मिळणारी सेवा : एका आंबा प्रक्रिया उद्योजकाचा अभिप्राय

रत्नागिरी जिल्ह्यात आमचा हापूसचा पल्प काढून डब्यांत भरण्याचा लहान कारखाना आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बॉयलर पेटतो आणि मृगाचा पाऊस स्थिरावला की विझतो. वर्षाच्या बावन्न आठवड्यांपैकी जेमतेम आठ-नऊ आठवडे खरे काम चालते. तेवढ्या आठवड्यांसाठीही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागते, ज्याला आमच्याकडे मालकापासून फिटरपर्यंत सगळे 'कन्सेंट' म्हणतात. आधी उभारणीचे, मग चालवण्याचे आणि त्यानंतर ठरावीक मुदतीने नूतनीकरणाचे, अशी ही सेवा मी गेली अनेक वर्षे पैसे मोजून घेत आलो आहे. शुल्क वाढवावे की नाही, हा प्रश्न उद्योजकांच्या बैठकीत दर काही वर्षांनी निघतो आणि प्रत्येक वेळी 'आणखी भुर्दंड नको' एवढ्यावरच संपतो. माझे मत वेगळे आहे, आणि ते नीट मांडता यावे म्हणून या सेवेत काय मिळते, किती मिळते आणि पैसे कशाचे घेतले जातात, हे आधी सांगतो.

महाराष्ट्राने या विषयात देशाच्या आधी पाऊल टाकले होते, याचा मला अभिमान आहे. केंद्राचा जल अधिनियम १९७४ चा; आपल्या राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ चा आणि मंडळाची स्थापना ७ सप्टेंबर १९७० ची. पुढे केंद्राचा जल अधिनियम आणि १९८१ चा हवा अधिनियम राज्यात लागू झाले आणि आजचे संमतीपत्र या दोन कायद्यांवर उभे आहे. जल अधिनियमाच्या कलम २५ नुसार सांडपाणी सोडणाऱ्याने आधी संमती घ्यायची असते, आणि अर्ज दिल्यापासून चार महिन्यांत मंडळाने होकार किंवा नकार कळवला नाही, तर संमती मिळाली असे कायदाच मानतो. ही तरतूद ऐकायला दिलासा देणारी असली, तरी व्यवहारात तिच्यावर विसंबून कोणी बॉयलर पेटवल्याचे मी पाहिलेले नाही, कारण कर्ज देणारी बँक आणि माल घेणारा निर्यातदार दोघेही हातात कागद मागतात.

अर्जाची पद्धत आता पूर्णपणे ऑनलाइन आहे, आणि या बाबतीत माझी काहीही तक्रार नाही. कागदांच्या चार-चार प्रती काढून त्यांचे गठ्ठे बांधण्याचे दिवस मला आठवतात. आज कारखान्याच्या खोलीत बसून माहिती भरता येते, शुल्क भरता येते आणि अर्ज कोणत्या टेबलावर आहे हेही दिसते. उत्पादन वाढलेले नाही, प्रदूषणाचा भार वाढलेला नाही आणि गुंतवणूक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलेली नाही, असे स्वतः लिहून दिले, तर नूतनीकरण फारशी छाननी न होता मिळण्याची सोयही आहे. एका वर्षी आमचे सहा आठवडे वाया गेले, पण तो दोष आम्ही नेमलेल्या सल्लागाराचा होता. त्यांनी सीएचे आधीच्या वर्षाचे प्रमाणपत्र जोडले, अर्ज खुलाशासाठी परत आला आणि तो परत आल्याचे त्यांनी आम्हाला कळवलेच नाही. आंबा बागेत पिकत होता आणि आमचा कागद अडकून पडला होता. त्या वर्षापासून अर्ज मी स्वतः भरतो, आणि लहान कारखानदारांना माझा तोच सल्ला आहे, कारण हा अर्ज भरताना आपल्या कारखान्यात पाणी किती येते आणि कुठे जाते, हे मालकाला पहिल्यांदा नीट कळते.

ते पाणी कसे असते, तेही सांगायला हवे, नाहीतर शुल्काची चर्चा हवेत राहील. आंबे धुतलेले पाणी, जमिनीवर सांडलेला रस, साली आणि बाठ्यांच्या ढिगातून झिरपणारे पाणी हे सगळे मिळून दुपारपर्यंत आंबूस होते. त्यात विषारी असे काही नसते. पण साखर इतकी असते, की ते तसेच पऱ्ह्यात, म्हणजे लहान ओढ्यात, सोडले तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे वर येतील. म्हणून आमचा इटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, मार्च महिन्यातच जागा करावा लागतो. वायुवीजनाच्या टाकीत शेणकाला, गूळ आणि थोडा युरिया घालून जिवाणू वाढवायचे, रोज एक लिटरच्या काचेच्या नळीत ते पाणी भरून अर्ध्या तासात गाळ किती खाली बसतो ते पाहायचे, आणि तो पुरेसा बसू लागला की मगच आंब्याची पहिली गाडी आत घ्यायची, असा आमचा नेम आहे. आठ आठवडे ज्या जिवाणूंना पोटभर खायला मिळते, ते पावसाळ्यात उपाशी मरतात आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

संमतीपत्राच्या सेवेतला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग म्हणजे मंडळाच्या क्षेत्र अधिकाऱ्याने येऊन घेतलेला पाण्याचा नमुना. गेल्या हंगामात अधिकारी आले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि दोन्ही पल्पर, म्हणजे गर काढणारी यंत्रे, चालू होते, म्हणजे पाणी सर्वांत वाईट असण्याची ती वेळ. त्यांनी शेवटच्या आउटलेटजवळ बसून आधी बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळली, मग भरली. दुसऱ्या बाटलीत आम्लाचे थेंब टाकले, झाकणावर कापडाची पट्टी बांधून लाखेची मोहर केली, चिठ्ठीवर वेळ लिहिली आणि त्या चिठ्ठीवर माझी सही घेऊन बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या. कोकणातले नमुने चिपळूणच्या प्रयोगशाळेत जातात. बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते ते मोजणारी, चाचणी २७ अंश तापमानावर तीन दिवस चालते, त्यामुळे घाई करून अहवाल मिळत नाही. अहवाल आला तेव्हा आमचा आकडा मर्यादेच्या आत होता आणि मला जो आनंद झाला, तो संमतीपत्राचा कागद हाती आल्यावर कधी झाला नव्हता. आपण आठ आठवडे केलेल्या कामाला तिऱ्हाइताने, बर्फात ठेवलेल्या बाटलीच्या आधारे, होय म्हटले होते. शुल्क देऊन विकत घेण्यासारखी गोष्ट हीच आहे.

आता शुल्काकडे येतो. आम्ही पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा ऑगस्ट २०११ च्या शासन निर्णयातले दर होते. या शुल्काचा मुख्य आधार भांडवली गुंतवणूक हा आहे. जमीन, इमारत आणि यंत्रसामग्री यांची घसारा वजा न करता धरलेली एकूण किंमत सीएने प्रमाणित करायची, ती ज्या टप्प्यात बसेल त्या टप्प्याचे शुल्क भरायचे, आणि मुदत जितकी लांब मागाल तितकी रक्कम आगाऊ भरायची. हिशोबाला ही पद्धत सोपी आहे, वाद कमी होतात आणि मोठा कारखाना जास्त देतो, हे तिचे गुण मी नाकारत नाही. पण तिच्यात एक दोष आहे, आणि तो आमच्याच ताळेबंदात मला दिसला.

पहिली काही वर्षे आमचा इटीपी साधा होता. पुढे आम्ही समतोल टाकी, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेआधी साठवून एकसारखे करणारी टाकी, मोठी केली, हवा सोडणाऱ्या जुन्या ब्लोअरच्या जागी चांगला ब्लोअर घेतला, गाळ वाळवायला नवे वाफे बांधले आणि शुद्ध झालेले पाणी बागेला देण्यासाठी पाइपलाइन टाकली. कलमांना त्या पाण्याने मे महिन्यात ओलावा मिळू लागला आणि पऱ्ह्यात जाणारा थेंब बंद झाला. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी सीएने प्रमाणपत्र तयार केले, त्यात हा सगळा खर्च यंत्रसामग्री आणि बांधकामात मिळवला गेला, आणि आमची एकूण गुंतवणूक वरच्या टप्प्यात गेली. आमचे उत्पादन तेवढेच होते, प्रदूषण कमी झाले होते आणि शुल्क मात्र वाढले होते. सीएची यात काही चूक नव्हती, कारण मालमत्ता ती मालमत्ता. मंडळाच्या अधिकाऱ्यांचीही नव्हती, कारण टप्पे शासन ठरवते. चूक मोजपट्टीची आहे. पाणी स्वच्छ करण्यासाठी घातलेला पैसा आणि आणखी दोन पल्पर घेण्यासाठी घातलेला पैसा या मोजपट्टीला एकसारखाच दिसतो.

यापेक्षा चांगली मोजपट्टी आपल्याकडे होती, हे आज फार कोणाला आठवत नाही. १९७७ च्या जल उपकर कायद्यानुसार कारखान्यांना वापरलेल्या पाण्यावर उपकर भरावा लागत असे. पाणी कशासाठी वापरले त्याप्रमाणे दर वेगळा होता. थंड करण्यासाठी वापरलेल्या पाण्याला कमी आणि प्रक्रियेत घाण होणाऱ्या पाण्याला जास्त. ज्याने प्रक्रिया प्रकल्प बसवला आहे आणि जो मानके पाळतो, त्याला उपकरात २५ टक्के सूट मिळत असे, आणि जमा झालेल्या रकमेतला मोठा वाटा राज्य मंडळांकडे परत येई. दर पैशांत होते, रक्कम लहान होती. पण दर महिन्याला मीटरचा आकडा लिहावा लागे आणि पाणी वाचवले तर खिशातले वाचते, हे कामगारालाही समजे. वस्तू व सेवा कर आला तेव्हा १ जुलै २०१७ पासून हा उपकर रद्द झाला. एक कटकट गेली म्हणून तेव्हा मलाही बरे वाटले होते. आज वाटते, की त्या दिवशी मंडळांच्या उत्पन्नाचा एक झरा आटला आणि पाण्याचा पैशाशी असलेला धागाही तुटला. २५ टक्क्यांची ती सूट संमतीच्या शुल्कात तरी यायला हवी होती.

दुसरी मोजपट्टी दंडाच्या बाजूला तयार आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशावरून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पर्यावरणीय भरपाईचे जे सूत्र ठरवले, त्यात कारखान्याच्या वर्गाप्रमाणे (उद्योगांचे प्रदूषणानुसार रंगांचे वर्ग केलेले आहेत, लाल सर्वांत प्रदूषक आणि पांढरा सर्वांत कमी) प्रदूषणाचा निर्देशांक धरतात : लाल वर्गाला ८०, नारिंगीला ५० आणि हिरव्याला ३०. त्याला उल्लंघनाचे दिवस, २५० रुपयांचा गुणक, उद्योगाचा आकार आणि जवळच्या लोकवस्तीचा गुणक यांनी गुणतात. लहान उद्योगाचा गुणक ०.५ आहे, मध्यमाचा १ आणि मोठ्याचा १.५. आमच्यासारखा नारिंगी वर्गातला लहान कारखाना वस्तीपासून लांब असूनही चुकला, तर एका दिवसाची भरपाई ६,२५० रुपये होते, आणि कोणाचीही भरपाई दिवसाला ५,००० रुपयांच्या खाली येत नाही. हे सूत्र मला कठोर वाटते आणि योग्यही वाटते. माझा प्रश्न एवढाच आहे, की चूक झाल्यावर ज्या व्यवस्थेला कारखान्याचा वर्ग, आकार आणि आजूबाजूची माणसे दिसतात, तिला चूक होण्याआधी, शुल्क घेताना, ताळेबंदातली मालमत्ताच प्रामुख्याने का दिसावी? वर्गाचा निर्देशांक आणि सोडलेल्या पाण्याचा भार हे दोन आकडे अर्जातच असतात. ते शुल्काच्या हिशोबात घ्यायला नवे सर्वेक्षण लागणार नाही.

बाहेर असे करतात का, हे पाहताना अमेरिकेची पद्धत मला उपयोगी वाटली. तिथे १९९० साली हवा कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा मोठ्या उत्सर्जकांना परवाने देणाऱ्या राज्यांवर बंधन घातले गेले, की परवान्याच्या कामाचा सगळा खर्च कारखान्यांच्या शुल्कातूनच भागला पाहिजे. त्यासाठी अंदाजाचा दर टनाला २५ डॉलर धरला गेला आणि तो दर वर्षी महागाईप्रमाणे वाढेल, असे कायद्यातच लिहिले. आज तो ६० डॉलरच्या पुढे गेला आहे. धूर जास्त तर शुल्क जास्त, एवढा तो सरळ हिशोब आहे. त्यातही उणीव आहेच, कारण एका प्रदूषकाचे ४,००० टनांपुढचे उत्सर्जन या हिशोबातून वगळण्याची मुभा आहे आणि तिचा लाभ सर्वांत मोठ्यांनाच मिळतो. मला अधिक आवडलेली गोष्ट वेगळी आहे. मिशिगनसारख्या राज्यांत अशा शुल्कांना कायद्यातच समाप्तीची तारीख असते. ती जवळ आली, की विधिमंडळाला शुल्काची मुदत वाढवायची का आणि दर किती ठेवायचा, हे पुन्हा ठरवावे लागते, आणि त्या निमित्ताने आधी घेतलेल्या पैशांतून किती तपासण्या झाल्या, किती परवाने वेळेत दिले, याचा हिशोब लोकांपुढे येतो. आपल्याकडे शासन निर्णय निघतो आणि पुढचा निघेपर्यंत वर्षानुवर्षे तोच चालतो. मग एकदम मोठी वाढ करावी लागते आणि ती सगळ्यांनाच जाचक वाटते.

शुल्क वाढवणे मला गरजेचे वाटते, त्याचे कारण माणसांची कमतरता हे आहे. देशभरातल्या राज्य मंडळांतली मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी पदे रिकामी असल्याचे हरित लवादापुढे आलेले आहे. दुसरीकडे कामाचा भार वाढतोच आहे. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प चालू नसलेला कारखाना चालवू देऊ नये. पण तो चालू आहे की नाही, हे दुपारी बारा वाजता आउटलेटजवळ जाऊन बसणाऱ्या माणसालाच कळते. नोव्हेंबर २०२४ पासून पांढऱ्या वर्गातल्या उद्योगांना संमती घेण्याची गरज उरली नाही, आणि ते योग्यच झाले, कारण शिवणकामाच्या किंवा जुळणीच्या कारखान्यात जाऊन अधिकाऱ्याने काय मोजायचे? मात्र त्यामुळे उरलेल्या लाल आणि नारिंगी वर्गांकडे अधिक लक्ष देणे शक्य व्हायला हवे, आणि ते माणसांशिवाय होणार नाही. हंगामात आमच्याकडे एकदा नमुना घेतला जातो, तो तीनदा घेतला जावा आणि त्यातली एक भेट न कळवता व्हावी, यासाठी मी आनंदाने जास्त पैसे देईन. लोटे परशुरामच्या रासायनिक औद्योगिक वसाहतीजवळ खाडीकाठी मासेमारी करणाऱ्या माणसाला कारखानदाराचा शब्द पुरत नाही. त्याला मोहर केलेल्या बाटलीचा आकडा हवा असतो.

अटींच्या पूर्ततेसाठी घेतल्या जाणाऱ्या बँक हमीविषयीही थोडे लिहायला हवे, कारण लहान उद्योजकाला शुल्कापेक्षा ती अधिक जड जाते. हमी देण्यासाठी बँक मुदत ठेव मागते, आणि ती रक्कम नेमकी अशा वेळी अडकते, जेव्हा बागायतदाराला कॅनिंगच्या आंब्याचे रोख पैसे द्यायचे असतात. हमी नसावी असे मी म्हणणार नाही. हमी जप्त झाल्यावर इटीपी दुरुस्त झाल्याची उदाहरणे आमच्या परिसरात आहेत. सलग तीन हंगाम ज्याचे नमुने मर्यादेत आले, त्याची हमी निम्मी करावी, एवढी सवलत न्याय्य ठरेल. मोठ्या कारखान्यांच्या धुरांड्यांतून घेतलेल्या नमुन्यांवरून त्यांना एक ते पाच तारे देण्याचा उपक्रम मंडळाने २०१७ साली सुरू केलाच आहे. नमुन्याच्या आकड्यावरून कारखान्याची पत ठरवण्याची ही कल्पना लहान कारखान्यांपर्यंत आणावी आणि तिला शुल्काशी व हमीशी जोडावे.

जमा झालेल्या शुल्काचा हिशोब हा शेवटचा मुद्दा. जल अधिनियमाच्या कलम ३९ नुसार मंडळाने वार्षिक अहवाल द्यायचा असतो आणि कलम ४० नुसार लेखे ठेवून ते तपासून घ्यायचे असतात. कायद्याची पायाभरणी चांगली आहे. त्यावर मला एक साधे पान हवे आहे, जे नूतनीकरणाच्या वेळी शुल्काच्या पावतीसोबत यावे : आपल्या जिल्ह्यातून गेल्या वर्षी संमतीशुल्क किती जमा झाले, किती नमुने घेतले गेले, त्यांपैकी किती मर्यादेबाहेर गेले आणि क्षेत्र अधिकाऱ्यांची किती पदे भरलेली होती. हे पान हाती आले, तर शुल्कवाढीच्या बैठकीत आमच्यातले बरेच जण गप्प बसणार नाहीत, पण विरोधही करणार नाहीत.

माझा अभिप्राय विचाराल तर ऑनलाइन अर्जाच्या सोयीवर मी पूर्ण समाधानी आहे, नमुना घेण्याच्या आणि तपासण्याच्या कामाला त्याहून वरचे स्थान देतो, आणि शुल्काच्या रचनेला मात्र नापास करतो. दर वाढवा, दर वर्षी महागाईप्रमाणे थोडे थोडे वाढवा. पण त्याआधी सीएच्या प्रमाणपत्रात एक स्वतंत्र ओळ घाला, जिथे प्रदूषण नियंत्रणासाठी केलेली गुंतवणूक वेगळी दाखवता येईल आणि एकूण रकमेतून वजा होईल. आमच्या सीएंना मी या वर्षी ती ओळ लिहायला सांगितली आहे. ठरलेल्या साच्यात तिला जागा नाही म्हणून त्यांनी ती प्रमाणपत्राच्या खाली टीप म्हणून लिहिली आहे : समतोल टाकी, ब्लोअर, गाळाचे वाफे आणि बागेपर्यंतची पाइपलाइन, प्रत्येकाची रक्कम वेगळी.